शटरसमोर झोपलेला माणूस : बेघरपणा समजून घेताना

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास गेलात तर हे दृश्य हमखास दिसेल. बाजार फुललेला असतो, केळ्यांचे घड, मातीची मडकी, सुक्या मासळीचा वास, घासाघीस. आणि या सगळ्या गलबल्यात एका बंद दुकानाच्या शटरसमोर पुठ्ठा अंथरून, तोंडावर टॉवेल ओढून एक माणूस गाढ झोपलेला असतो. लोक त्याला वळसा घालून जातात. "सकाळीच ढोसून पडलाय," असं कुणीतरी म्हणतं. मीही हे वाक्य मनातल्या मनात बरीच वर्षं म्हटलेलं आहे.

तो माणूस दारू पीत नाही. गुरुवारी रात्री बेळगावहून भाजीचे ट्रक येतात. साडेबारापासून पहाटे पाचपर्यंत तो टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याची पोती उतरवतो. खांद्यावर, जिथे क्रेटची कड टेकते तिथे, कातडी काळी आणि जाड झाली आहे. शुक्रवारची सकाळ ही त्याची रात्र असते. गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं. बोलतो आपल्यासारखंच, मराठी आणि मालवणी. वयाने माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला काका म्हणतो. हे कळायला फार काही करावं लागलं नाही. एकदा चहाच्या गाड्यावर शेजारी उभे होतो, बोलणं निघालं, इतकंच.

सध्या जनगणनेचा विषय सगळीकडे आहे. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारोदार फिरणार, घराला छप्पर कसलं, नळ आहे का, शौचालय आहे का, हे विचारणार. ज्याला दारच नाही त्याची मोजणी कशी होते, हा प्रश्न त्यामुळे सहज पडतो. दुसरीकडे दरवर्षी पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की "रस्त्यावरचे भिकारी हटवा" ही मागणी आपल्याकडे होतेच. मोजणी आणि हटवाहटवी या दोन्हींच्या मधे जी माणसं सापडतात, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे.

बेघर म्हणजे नेमकं कोण?

जनगणनेच्या हिशेबात जे कुटुंब कुठल्याही इमारतीत राहत नाही ते बेघर. रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या पायपात, देवळाच्या आवारात, मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे लोक यात येतात. मागच्या वेळी त्यांची मोजणी एकाच रात्री, २८ फेब्रुवारी २०११ ला झाली. देशात १७.७३ लाख माणसं सापडली. गोव्यात सुमारे तीन हजार.

तीनच हजार? आकडा वाचून हायसं वाटतं, पण जरा थांबा. बांधकामाच्या साईटवर चार पत्रे ठोकून केलेली शेड जनगणनेच्या लेखी 'घर' असते. इमारत पूर्ण झाली की ती शेड उखडली जाते, तरी त्यात राहणारा मजूर बेघरांत मोजला जात नाही. शिवाय एका रात्रीत सगळी माणसं दिसत नाहीत, आणि बायका तर दिसतच नाहीत. एकटी बाई अंधारात आडवी होत नाही. ती बसस्टँडवर दिव्याखालच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसते, पहाटेच्या गाडीची वाट पाहत असल्यासारखी. कंट्रोलरने विचारलं तर गावाचं नावही तयार असतं. प्रगणकाला ती प्रवासी वाटेल. आपल्यालाही तसंच वाटतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढचं सगळंच चुकतं. इस्पितळाच्या वॉर्डात एखाद्या दिवशी डोकावलात तर महिनोन्महिने पडून असलेले रुग्ण डोळ्यांत भरतात, कारण खाटा त्यांनीच अडवलेल्या असतात. पण वर्षभराचं रजिस्टर उघडलं तर बहुतेक जण तीन-चार दिवसांत बरे होऊन घरी गेलेले दिसतात. बेघरपणाचंही तसंच आहे. डेनिस कल्हेन आणि रँडल कून या अमेरिकी संशोधकांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांची रजिस्टरं तपासून १९९८ साली हे दाखवलं. निवाऱ्यात आलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक थोडे दिवस राहून निघून गेले होते. वर्षानुवर्षं राहणारे जेमतेम १० टक्के, पण निवाऱ्यातले जवळजवळ निम्मे दिवस त्यांनी व्यापले होते. ती शहरं वेगळी, देश वेगळा, टक्केवारी इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. पण आपल्या नजरेची चूक तीच आहे. सर्वांत जास्त दिवस दिसणाऱ्याला आपण सगळ्यांचा नमुना समजतो.

माणूस रस्त्यावर येतो कसा?

रायबंदरच्या धक्क्यावर रात्रीची शेवटची फेरीबोट लागली आहे असं समजा. बोटीत शंभर जण मावतात आणि चोडणला जाणारे धक्क्यावर एकशे दहा आहेत. मागे कोण राहील? ज्याचा पाय दुखतो तो, काठी टेकत येणारी म्हातारी, कडेवर मूल असलेली बाई, आणि एखादा दारू प्यालेलाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या दहा जणांना विचारलंत, "काल बोट का चुकली?" तर प्रत्येक जण आपलं कारण सांगेल आणि ते खरंच असेल. पण दहा जण मागे राहिले ते बोटीत शंभरच मावत होते म्हणून. उद्या लंगड्याचा पाय बरा झाला तर तो चढेल आणि अकरावा कुणीतरी धक्क्यावर राहील.

ही बोट म्हणजे गरिबाला परवडणारी खोली.

गोव्यात अशा खोल्या का आटत चालल्या ते किनारपट्टीवर राहणाऱ्यांना सांगायला नको. जी खोली महिन्याच्या भाड्याने मिळायची ती आता पर्यटकाला दिवसाच्या भाड्याने जाते. जी उरते तिला डिपॉझिट लागतं, अकरा महिन्यांचा करार लागतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते आणि कुणीतरी ओळखीचा मधे लागतो. रोजावर काम करणाऱ्याकडे भाड्यापुरते पैसे असतात, डिपॉझिटपुरते एकरकमी नसतात.

त्याहून मोठी गोम वेगळी आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. आपल्याकडच्या असंख्य नोकऱ्यांबरोबर राहायची जागा येते. हॉटेलातला वेटर हॉटेलमागच्या खोलीत राहतो, मजूर साईटवर, राखणदार बंगल्याच्या गेटजवळ, आजारी म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाई त्यांच्याच घरात, खलाशी ट्रॉलरवर. नोकरी आणि खोली एकाच किल्लीला लागलेल्या असतात. नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जातं. हंगाम मे महिन्यात संपतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, साईटवरची कामं मंदावतात. म्हणजे गोव्यात पाऊस कोसळायला लागतो नेमक्या त्याच दिवसांत सर्वांत जास्त माणसं नोकरीबरोबर खोलीही गमावतात. उत्तरेकडे बेघरांचे सर्वांत वाईट दिवस थंडीत असतात, आपल्याकडे ते जूनमध्ये सुरू होतात.

काकांचं हेच झालं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते नऊ वर्षं होते. मागच्या बाजूला खोली, चार जणांत एक पंखा. ओल्या लादीवर पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. तिसऱ्या दिवशी त्यांची खाट दुसऱ्या पोराला दिली गेली. गावी भावाकडे गेले. भावाचं घर दीड खोलीचं, त्याची दोन मुलं, वहिनी काही बोलली नाही. "ती बोलली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. पाय बरा झाल्यावर ते काम शोधायला म्हापशाला आले. काम मिळालं, खोली मिळाली नाही. त्याला आता सहा वर्षं झाली.

"गोव्यात जागेलाच तोटा, त्याला कोण काय करणार?"

जागेला तोटा आहे हे अर्धसत्य आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाच घरांमागे एक रिकामं सापडलं. सव्वा लाखाच्या आसपास. देशात रिकाम्या घरांचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त आहे त्यांत गोवा येतो. जनगणनेच्या 'घरा'त दुकानाचा गाळाही येतो, त्यामुळे ही सगळीच राहती घरं नव्हेत. तरी साधा भागाकार करून पाहा. उघड्यावर झोपणाऱ्या एका माणसामागे चाळीसेक रिकाम्या जागा.

यातल्या काही दिल्ली-मुंबईकरांनी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या, वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या सदनिका. काही आपल्याच गावातली जुनी घरं. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा चालत आला. त्यात प्रत्येक मुलाला मालमत्तेत वाटा असतो, हे न्याय्यच आहे. पण दोन-तीन पिढ्यांनी एका घराला वीसेक वाटेकरी होतात. एक लंडनला, एक मुंबईत, एक कोर्टात. मग दाराला कुलूप आणि कौलांवर पिंपळ.

"हे सगळे बाहेरचे, घाटी"

हा शब्द आपण मराठी बोलणाऱ्यांनी तरी जपून वापरावा. गोव्यात तो कधी कर्नाटकातल्या लमाण्याला लागतो, कधी सोलापूरच्या मजुराला, आणि राग आला तर घाटावरून आलेल्या कुणालाही. रस्त्यावर झोपणाऱ्यांत बाहेरून आलेले बरेच आहेत हे खरं. आपल्या इमारती ज्यांनी बांधल्या, गटारं ज्यांनी खणली, किनाऱ्यावर भर उन्हात माळा-शाली ज्या विकतात, त्या कामांना माणसं बाहेरूनच आली, आणि येताना घर सोबत आणता येत नाही. पण रस्त्यावर गोंयकारही आहेत. मुलांच्या घरातून निघालेले म्हातारे, नवऱ्याने टाकलेल्या बायका, जहाजावरच्या नोकरीतून परतून व्यसनात गेलेले. त्यांना आपण ओळखत नाही, कारण ते आपला गाव सोडून दुसऱ्या शहरात झोपतात. डिचोलीचा माणूस डिचोलीत उघड्यावर झोपणार नाही. त्याला मडगाव लागतं.

आणि या प्रश्नावर गोव्याने तरी "बाहेरचे" म्हणून हात झटकू नयेत, याला एक जुनं कारण आहे. दोन पिढ्यांपूर्वीचा मुंडकार आठवा. घर त्याने स्वतःच्या हाताने रचलेलं, मातीच्या भिंती, वर झावळ्या. जमीन मात्र भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकाराची मर्जी फिरली की चूलबोळकं उचलायचं. राबायला बोलावलं की जायचं. 'कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर' ही घोषणा मुक्तीनंतर गावागावांत का पेटली, ते या भीतीवरून समजतं. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला आणि मुंडकाराला घरातून हुसकावणं अवघड झालं, ते विकत घेण्याचा हक्कही मिळाला. त्या वेळीही काही जण म्हणायचे की ही माणसं आळशी, यांना घर कशाला. कायदा येण्याआधीचा मुंडकार आणि नंतरचा मुंडकार हा एकच माणूस होता. फरक त्याच्या पायाखालच्या जमिनीत पडला.

"दारूडे आणि वेडे असतात, त्यांना घर देऊन काय उपयोग?"

काही जण पितात, हे मी झाकणार नाही. पण क्रम नीट विचारायला हवा. उघड्यावर सलग चार रात्री काढून बघा. डास, कुत्री, कुणी लाथ मारेल का याची भीती, पिशवी उशाला घट्ट धरलेली. झोप तासाभराच्या तुकड्यांत येते. त्या अवस्थेत स्वस्तातली क्वार्टर हे झोपेचं औषध होऊन बसतं. दारूमुळे घर गेलेले आहेत, तसे घर गेल्यावर दारूला लागलेलेही आहेत. आणि घरात बसून पिणारे किती! त्यांना आपण कधी रस्त्यावर काढा म्हणत नाही.

मानसिक आजाराचंही तसंच. स्वतःशी बडबडत जाणारा एक माणूस लक्षात राहतो, गप्प राहून वेळ काढणारे वीस जण लक्षात येत नाहीत. आणि जो खरोखर आजारी आहे त्याच्यासाठी कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आजारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देऊन उपचारापर्यंत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. बांबोळीला मनोरुग्णालय आहे. त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं की केवळ कुटुंबाने टाकलं किंवा राहायला जागा नाही म्हणून कुणाला इस्पितळात अडकवून ठेवता येणार नाही. म्हणजे बरा झालेला माणूस बाहेर येणार, आणि तो कुठे जाणार हा प्रश्न पुन्हा घरापाशीच येऊन थांबतो.

रस्त्यावरही नियम असतात

लांबून पाहिलं की सगळी अनागोंदी वाटते. जवळून तसं नसतं.

प्रत्येकाची जागा ठरलेली असते. काका ज्या शटरसमोर झोपतात तिथे दुसरा कुणी अंग टाकत नाही. ते चार दिवस आजारी पडले होते तेव्हाही ती मोकळी राहिली. दुकानदार आणि त्यांच्यात एक न बोललेला करार आहे. दुकान बंद झाल्यावर यायचं, उघडायच्या आत उठायचं, उठल्यावर पायरी झाडायची. बदल्यात दुकानाला रात्री माणसाची राखण मिळते. शुक्रवारची उशिरापर्यंतची झोप ही त्यांची एकमेव सवलत, कारण ते दुकान शुक्रवारी दहाला उघडतं.

पुठ्ठ्याला किंमत असते. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सर्वांत चांगला, जाड आणि लांबीला पुरेसा. सकाळी तो घडी करून पाण्याच्या टाकीमागे सरकवायचा. कपड्यांचं गाठोडं झाडाच्या बेचक्यात किंवा ओळखीच्या गाड्याखाली. कागदपत्रं चहावाल्याकडे. पैसेही त्याच्याकडेच, वहीत नाव घालून. काका बँकेत जात नाहीत असं नाही, खातं आहे. पण रात्री दहाला पन्नास रुपये लागले तर बँक उपयोगाची नाही.

बातम्यांचं जाळं असतं. कुठल्या देवळात आज महाप्रसाद आहे, बेतीच्या गुरुद्वारात लंगर, कुठल्या वाड्यावर कधी फेस्त, कुठल्या भंगारवाल्याकडे बाटल्यांना दोन पैसे जास्त मिळतात, हे एका दिवसात सगळ्यांना कळतं. भाषा खिचडी. कन्नड, हिंदी, कोंकणी, मराठी एकाच वाक्यात. नव्याने आलेल्याला दोन-तीन रात्री सगळे नुसते बघतात. तो दुसऱ्याच्या गाठोड्याला हात लावत नाही असं दिसलं की मग कुणीतरी त्याला बिडी देतो.

एक गोष्ट मला फार आतपर्यंत लागली. आपल्याकडे, गोव्यात काय नि तळकोकणात काय, अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "तू कोणाचो?" वाडा कुठला, बाप कोण, आडनाव काय. रस्त्यावर हा प्रश्न विचारत नाहीत. "कुठला?" इथवर चालतं. "कोणाचा?" विचारलं की माणूस उठून जातो.

हे सगळं सांगताना त्या जगण्याला मला सोनेरी मुलामा द्यायचा नाही. तिथे चोऱ्या होतात, मारामाऱ्या होतात, बायकांवर हात टाकला जातो, पैसे उसने घेऊन माणूस नाहीसा होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते: अनोळखी मृतदेह सापडला, अंदाजे वय ५५, अंगात निळा शर्ट. त्या निळ्या शर्टाला बाजारात दहा जण हाक मारत असतात, पण आडनाव कुणालाच माहीत नसतं.

कागद नाही म्हणजे काय नाही?

पत्ता नसला की कागद होत नाहीत, कागद नसले की मदत मिळत नाही, मदत नसली की पत्ता होत नाही. गोव्यात वृद्ध, विधवा, अपंग यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. काका हॉटेलातली नऊ आणि बाजारातली सहा धरून पंधरा वर्षं गोव्यात आहेत, पण ती कशाने दाखवणार? हॉटेलच्या खोलीची पावती नव्हती, शटरची तर नसतेच. आणि उघड्यावरचे कागद टिकत नाहीत. एका पावसात आधार कार्ड लगदा होतं. सफाईच्या गाडीत कचरा म्हणून गाठोडं गेलं तर त्यात एखाद्याचा जन्मदाखला, औषधाची चिठ्ठी आणि आईचा फोटो एकदमच जातो.

"निवारे असतात ना, मग तिथे का जात नाहीत?"

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली सुरू झालं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत शहरी लोकवस्तीच्या दर लाखामागे किमान शंभर माणसांसाठी कायमचे, चोवीस तास उघडे निवारे आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा असं म्हटलं होतं. कागदावर हे चांगलं होतं. पण निवारा कुठे आहे, यावर सगळं अवलंबून असतं. बाजारात रात्री साडेबाराला हजर राहायचं असेल आणि निवारा गावाबाहेर असेल तर काका तिथे कसे झोपणार? नवरा-बायकोला वेगवेगळ्या इमारतीत जा म्हटलं तर ते एकत्र उघड्यावर झोपणं पसंत करतात. गाठोडं ठेवायला कुलूप नसेल, रात्री नऊला दार बंद होत असेल, तर कामाचा माणूस तिथे टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच ओळखलं होतं. मुंबईच्या पदपथांवरच्या लोकांसाठी पत्रकार ओल्गा टेलिस यांनी केलेल्या याचिकेच्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ही माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून तिथे राहतात, तिथून काढलं तर रोजगार जातो, आणि रोजगाराचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालाने हटवायला बंदी घातली नाही, हेही सांगायला हवं. पण पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत हात लावू नका, असं मात्र बजावलं.

भीक मागणं गुन्हा आहे का?

गोव्यात भीक प्रतिबंधक कायदा १९७२ पासून आहे. अशा कायद्यांत काय असतं ते मुंबईच्या १९५९ च्या कायद्यावरून समजतं. उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत वावरणारा माणूसही त्याच्या व्याख्येत भिकारी. गाणं, नाच, भविष्य सांगणं, एखादी वस्तू विकायला पुढे करणं हेही त्यात येऊ शकतं. पकडायला वॉरंट लागत नाही. म्हणजे वासुदेव, नंदीबैलवाला आणि किनाऱ्यावर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, सगळे एका जाळ्यात. आणि शुक्रवारी सकाळी झोपलेले काकाही, कारण त्यांचं काम रात्री असतं आणि "दिसत" नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला दिल्लीपुरती या कायद्याची भीक गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. सरकार जगण्याची मूलभूत सोय करू शकत नसेल तर त्यासाठी हात पसरणाऱ्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं त्यामागचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने ती मान्य केली नाही. गरिबीमुळे दुसरा पर्याय उरत नाही म्हणून माणूस भीक मागतो, असं न्यायाधीश म्हणाले.

लहान मुलांना भाड्याने आणून भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांचं काय, असा प्रश्न येतो. तो योग्य आहे. मुलाला भिकेला लावणं हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे, त्यासाठी बाल न्याय कायदा आहे. पकडायचं तर लावणाऱ्याला पकडा. हात पसरणाऱ्याला गाडीत घालून राज्याच्या हद्दीवर सोडल्याने टोळी मोडत नाही.

मग काय केल्याने फरक पडतो?

जगभर बराच काळ पद्धत अशी होती की आधी दारू सोड, औषध घे, काम शोध, मग घराचं बघू. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी ती उलटी केली. आधी खोली, किल्ली हातात, बाकीचं नंतर. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना अशी घरं दिली तेव्हा दहांतले आठच्या आसपास लोक त्या घरात टिकले. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथे दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या बरीच घटली. कारण समजायला सोपं आहे. पोहायला शिकल्याशिवाय होडीत घेणार नाही, असं बुडणाऱ्याला कुणी सांगत नाही.

"फुकट घर मिळतंय म्हटल्यावर सगळे रस्त्यावर येतील" हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. एका खोलीसाठी वर्षभर बसस्टँडवर झोपायला तयार असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि प्रत्येकाला फुकट घर लागतही नाही. काका महिन्याला भाडं देऊ शकतात. त्यांना डिपॉझिट जमत नाही. बाजाराजवळ रात्रपाळीच्या कामगारांसाठी खाटेच्या भाड्याने वसतिगृह, डिपॉझिटची हमी, आणि नोकरीबरोबर दिलेली खोली नोकरी सुटल्यावर निदान दोन महिने काढून न घेण्याचा नियम. माझ्या मते गोव्यात एवढ्याने रस्त्यावर येणारी वाट बरीच अडेल. आजारी आणि म्हाताऱ्यांना मात्र सरकारचाच हात लागेल, तिथे दुसरी वाट नाही.

तोवर रस्त्यात कुणी बेशुद्ध दिसलं तर १०८, एकटं मूल दिसलं तर १०९८, टाकलेले म्हातारे माणूस असेल तर १४५६७. झोपलेल्याच्या उशाशी नाणी ठेवून जाऊ नका, त्यापायी त्याला रात्री मार बसतो. तो जागा असला तर त्याच्याशी बोला.

आणि मत?

घर नाही म्हणून मताचा हक्क जात नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. निवडणूक आयोगाचा नियम असा: बेघर माणसाने फॉर्म ६ भरून आपण झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहावी. मतदान केंद्राचा अधिकारी, म्हणजे बीएलओ, एकाहून अधिक रात्री तिथे येऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहील. झोपत असेल तर राहत्या जागेचा दुसरा कागद लागत नाही.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते चहाचा ग्लास धरून बराच वेळ गप्प होते. पत्त्याच्या रकान्यात दुकानाचं नाव लिहायचं की शटरचा नंबर, हे त्यांनी विचारलं. दुकानदाराला आधी विचारावं लागेल, असंही म्हणाले. मग त्यांना एकच शंका उरली.

"तो गुरुवारी रात्री आला तर? गुरुवारी मी तिथे नसतो. गाडी उतरवायला असतो."